रेंज होती, फोन लागत नव्हता

लालबागची आमची चाळ पाडून तिथे टॉवर झाला आणि आम्ही त्यात राहायला आलो, तेव्हा माझ्या नवऱ्याचं डायलिसिस सुरू होऊन बराच काळ लोटला होता. आठवड्यातून तीन दिवस तो परळच्या एका हॉस्पिटलमध्ये मशीनवर असायचा. किडनीच्या वेटिंग लिस्टवर त्याचं नाव होतं. म्हणजे कुठल्या तरी घरात वाईट घडणार, त्या घरातली माणसं त्या अवस्थेतही मन मोठं करून हो म्हणणार, आणि मग आम्हाला फोन येणार. कधी येणार, ते कुणीच सांगू शकत नव्हतं.

हॉस्पिटलमध्ये ही सगळी जुळवाजुळव एक बाई बघायच्या. त्यांना सगळे कोऑर्डिनेटर मॅडम म्हणायचे. माझ्याच वयाच्या, बोलायला तुटक, पण मनाने सरळ. पहिल्या भेटीतच त्यांनी मला बजावलं होतं, "फोन आला की उचलायचा. आम्ही दोन-तीनदा लावतो. नाही लागला तर पुढच्या पेशंटला लावतो. आम्हाला थांबता येत नाही."

त्यांच्याकडे आमचे तीन नंबर होते. पहिला माझा, कारण नवऱ्याला मशीनवर हमखास डोळा लागायचा आणि त्याचा फोन पिशवीत पडून राहायचा. दुसरा त्याचा. तिसरा चाळीतल्या लँडलाइनचा, जो चाळीबरोबरच गेला.

नव्या घराचं सगळ्यांनी कौतुक केलं. स्वच्छ बाथरूम, घरातच संडास, खिडकीतून शिवडीपर्यंत दिसणारं आकाश. नवऱ्याला लिफ्टचं सुख होतं, कारण जिने चढताना त्याला दम लागायचा. मी मात्र पहिल्या संध्याकाळी सामानाची खोकी तशीच टाकून हातात फोन घेऊन घरभर फिरत होते. रेंज नव्हती. स्वयंपाकघरात नव्हती, बेडरूममध्ये नव्हती. हॉलच्या खिडकीला नाक लावून उभं राहिलं की एक दांडी यायची आणि श्वास सोडला की जायची. चाळीत याच फोनवर, याच सिमवर, मोरीत उभी राहूनसुद्धा मी बोललेली होते.

"एवढ्या उंचावर सगळ्यांचंच असं असतं," नवरा सोफ्यावरून म्हणाला. "त्यांचे टॉवर खालच्या लोकांसाठी असतात. आपण आता वरची माणसं."

"तुला गंमत सुचते. फोन आला तर?"

"आला तर येईल. तू जरा बस ना."

बसवत नव्हतं. शेजारच्या फ्लॅटमध्ये एक रिटायर्ड शिक्षिका एकट्याच राहायच्या. त्यांचं दार वाजवून विचारलं. त्यांच्या फोनवर दुसऱ्या कंपनीचं सिम होतं आणि चारही दांड्या ठणठणीत उभ्या होत्या. मी त्यांचा फोन मागून घेतला आणि आमच्या घरात फिरवून आणला. सगळीकडे रेंज. त्याच रात्री ठरलं, नंबर तोच ठेवायचा आणि कंपनी बदलायची.

नवरा म्हणाला, "दोघांनी एकदम नको बदलायला. आधी तुझा करू. चांगला चालला तर मग माझा." हे मला अगदी पटलं. अजूनही मला तो विचार चुकीचा वाटत नाही. कुणालाही विचारलं असतं तरी त्याने हेच सांगितलं असतं.

पोर्टिंगचा मेसेज पाठवला, कोड आला, टॉवरखालच्या दुकानात आधार आणि अंगठा देऊन नवीन सिम घेतलं. दुकानदार म्हणाला, "जुनं सिम आपोआप बंद पडेल, त्या दिवशी हे घाला." जुन्या कंपनीच्या मुली मग रोज फोन करून मला थांबवायला बघायच्या. मॅडम, का जाताय? काही प्रॉब्लेम आहे का? मी खिडकीशी उभी राहून त्यांना प्रॉब्लेम सांगायचे आणि तो सांगता सांगताच फोन कट व्हायचा.

शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसमधून येताना करी रोडच्या पुलावर जुनं सिम गेलं. वर नुसती फुली. त्या क्षणापासून नवीन सिम घालेपर्यंत आपण कुणालाच सापडणार नाही, या विचाराने मी जवळजवळ धावतच दुकान गाठलं. सिमचा ट्रे काढायची पिन माझ्याकडे नव्हती. दुकानदाराने नवीन सिम आधी स्वतःच्या फोनमध्ये घातलं, दुसऱ्या फोनवरून माझा नंबर लावला. खणखणीत वाजला. "झालं चालू, बघा." मग त्याने ते सिम काढून माझ्या फोनमध्ये सरकवलं. एक मिनिटाने वर कंपनीचं नाव आलं, चार दांड्या आल्या आणि त्यांच्या बाजूला फोरजी. मी त्याला दोनदा थँक यू म्हटलं.

माझा फोन अमेरिकेहून आलेला होता. माझा धाकटा भाऊ तिकडे असतो. मागच्या खेपेला तो गिरगावला आईकडे आला तेव्हा माझ्या फोनची तडकलेली काच बघून त्याने आपला जादाचा फोन मला दिला होता. तिकडचे फोन एकेका कंपनीशी बांधलेले असतात. त्याने तो रीतसर सोडवून, म्हणजे अनलॉक करून दिला होता. चाळीत तो उत्तम चालला. त्यामुळे दोष फोनमध्ये असेल ही शंका मला कधी आलीच नाही.

घरी आल्याबरोबर भावाला व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ कॉल केला. त्याची सकाळ होती. त्याचा चेहरा आरशासारखा लख्ख. स्वयंपाकघरात नेला, बाथरूममध्ये नेला, कुठे म्हणून अडकला नाही. "ताई, भारीच नेटवर्क आहे गं तुझं, माझ्या इथलं एवढं चांगलं नाही," तो म्हणाला. नवऱ्याने मागून हात हलवला. त्या रात्री कित्येक दिवसांनी मी लवकर झोपले.

शनिवारी दिवसभर आम्ही दोघं घरातच होतो. मी खोकी उघडत होते, तो पलंगावरून कुठली वस्तू कुठे लावायची याच्या सूचना देत होता. दुपारी गॅसवाल्याला फोन लावायला गेले तर लागला नाही. नवीन सिम आहे, नीट बसायला चोवीस तास लागतात असं दुकानदार म्हणाला होता, म्हणून सोडून दिलं. व्हॉट्सअ‍ॅप तर धो धो येत होतं. आईचे सुविचार, ऑफिसच्या ग्रुपवरचे वाढदिवस, सोसायटीच्या ग्रुपवर पार्किंगची भांडणं. एवढं सगळं येतंय म्हटल्यावर फोन चालू आहे असंच कुणालाही वाटेल.

रविवारी संध्याकाळी मात्र काहीतरी खटकायला लागलं. काय ते कळत नव्हतं. घर फार शांत होतं. लोनवाल्यांचे फोन नाहीत, कुरियर नाही, चुकून लागलेला नंबरही नाही. मी पुन्हा पुन्हा फोन उचलून वरच्या दांड्या बघत होते आणि त्या चारच्या चार होत्या. नवरा म्हणाला, "आता रेंज आली तरी तुला चैन नाही." मी भाजी निवडली, परत फोन बघितला.

सोमवारी त्याचं डायलिसिस होतं. मी ऑफिसला अर्धी रजा टाकून त्याच्याबरोबर गेले. त्याला मशीनवर घेतलं, दोन्ही सुया नीट बसल्या, आणि मी स्टूल ओढून बसतेय तोच कोऑर्डिनेटर मॅडमची असिस्टंट दारातून आत आली. नवीनच लागलेली, बारीक आवाजाची.

"मॅडम, तुमचा फोन बंद आहे का? शनिवारपासून लागत नाहीये."

मी फोन काढून तिच्यासमोर धरला. "चालू आहे की. हे बघा. फुल रेंज."

"आम्ही लावला तेव्हा स्विच ऑफ येत होता. सरांचा नॉट रिचेबल. लँडलाइन तर अस्तित्वातच नाही म्हणाले."

"कशासाठी लावला होता?"

"ते मला नाही माहीत. मॅडमनी हॉस्पिटलच्या फोनवरून लावला होता. त्या आता मीटिंगला गेल्यात. दुपारपर्यंत येतील."

"शनिवारी किती वेळा लावला?"

ती गोंधळली. "लावला होता एवढंच माहीत आहे. मला म्हणाल्या, सोमवारी ते आले की सांग, म्हणून सांगितलं."

ती गेली. मी नवऱ्याचा फोन त्याच्या पिशवीतून काढला. इथे हॉस्पिटलमध्ये त्याला रेंज होती. त्याच्यावरून स्वतःचा नंबर लावला. माझा फोन माझ्या डाव्या हातात, चार दांड्या, फोरजी. उजव्या कानात बाई सांगत होती की आपण ज्या व्यक्तीशी संपर्क करू इच्छिता तिचा फोन बंद आहे. मी पुन्हा लावला. पुन्हा तेच. हातातल्या फोनवर त्याच वेळी टिंग करून आईचा मेसेज आला, जेवलीस का.

"काय झालां गो?" नवऱ्याने विचारलं. एरवी तो माझ्याशी साधं मुंबईचं मराठी बोलतो. मन हललं की त्याच्या तोंडी आईची मालवणी येते.

मी सांगितलं. लपवून ठेवण्याची ताकदच नव्हती माझ्यात. सुया टोचलेला हात हलवता येत नाही, म्हणून त्याने फक्त मान भिंतीकडे वळवली. मशीनचा तो एकसारखा घरघर आवाज. बाजूच्या बेडवरचे काका टीव्हीकडे बघत असल्याचं सोंग करत होते.

"शनिवारी किडनी आली असेल?" तो भिंतीकडे बघतच म्हणाला.

"माहीत नाही. ब्लडच्या सँपलसाठीही फोन करतात ना त्या. दर महिन्याला करतातच."

"हां. सँपलसाठीच असात." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "हंय बसान काय करतलंस? जा, आधी फोन नीट करून ये. आत्ता या मिनिटाला परत आला, तर?"

तेवढ्याने माझे पाय हलले. तिथल्या नर्सला नवऱ्याचा फोन त्याच्या उशाशी ठेवून वाजला तर उचलायला सांगितलं आणि टॅक्सी करून दादरला गेले. त्या कंपनीचं मोठं दुकान तिथे होतं. हिंदमाताच्या सिग्नलला टॅक्सी थांबली तेव्हा मी उगाचच दाराचं हँडल धरून ठेवलं होतं. उतरून पळत गेले असते तर लवकर पोचले असते असं वाटत होतं.

दुकानात टोकन घ्यायचं होतं. टोकन देणाऱ्या माणसाने विचारलं, "काय काम आहे?" मी म्हटलं, फोन येत नाही. तो म्हणाला, बसा. मी बसले नाही. काउंटरवरच्या मुलीच्या अगदी समोर जाऊन उभी राहिले. ती एका आजोबांना रिचार्ज समजावून देत होती. तिने माझा चेहरा बघितला आणि आजोबांना म्हणाली, "एक मिनिट हां बाबा." आजोबा बिचारे बाजूला सरकले.

तिने माझ्या फोनचं सेटिंग उघडलं, मॉडेल नंबर बघितला, आपल्या कॉम्प्युटरवर टाकला.

"मॅडम, हा फोन इंडियाचा नाहीये ना?"

"अमेरिकेचा आहे. पण अनलॉक केलेला आहे. इतके दिवस व्यवस्थित चालला."

"अनलॉक आहेच. म्हणून तर आमचं सिम घेतोय, नेट चालतंय. पण कॉल वेगळे." तिने फोन आमच्या दोघींच्या मध्ये ठेवला. "तुमच्या आधीच्या कंपनीकडे जुनं टूजी अजून आहे. कॉल आला की तुमचा फोन फोरजी सोडून त्याच्यावर उतरायचा, तुम्ही बोलायचात, परत वर जायचा. तुम्हाला कळायचंही नाही. आमच्याकडे ते जुनं नाहीच आहे. आमचे कॉल फोरजीवरूनच जातात. त्यासाठी फोनमध्ये आतून सोय लागते. तुमचा फोन तिकडच्या एका कंपनीसाठी बनवलाय, त्याने ती सोय फक्त त्यांच्यासाठी चालू ठेवलीय. आमच्या लिस्टमध्ये हे मॉडेल नाही."

मला आठवलं, चाळीत कुणाचा फोन आला की वरचं फोरजी जाऊन तिथे नुसतं इंग्रजी ई यायचं. ते मी रोज बघत होते. बघून काय कळणार होतं?

"ती सोय आत्ता चालू करता येईल का?"

"आमच्याकडून नाही होत. कॉलसाठी एक अ‍ॅप आहे, ते टाकून देऊ का? नेटवरून कॉल येतील."

"झोपेत अ‍ॅप बंद पडलं तर कॉल येईल?"

ती खरं बोलली. "गॅरंटी नाही देता येत."

"मग मला जुन्या कंपनीत परत जायचंय. आज."

"आता तीन महिने पोर्ट नाही होणार, मॅडम. नियम आहे."

माझा आवाज चढला. मी काय बोलले ते मला आता नीट आठवत नाही. नवरा, किडनी, शनिवार असं काहीतरी एका दमात बोलले असणार, कारण रिचार्जवाले आजोबा एकदम म्हणाले, "अहो, मग ते सिम दुसऱ्या कुठल्या तरी फोनात घाला ना आधी."

इतकं साधं होतं ते. मला सुचलं नव्हतं. मुलीने मान डोलावली. "बटणांचा फोन मिळतो फोरजीचा. साधा. त्यात आमचे कॉल शंभर टक्के येतात." त्यांच्याकडचा संपला होता. समोरच्या गल्लीत मिळाला. काळा, तळहातात मावणारा, बटणं मोठी. सिम घातलं. दुकानातल्या माणसाने माझा नंबर लावला आणि त्या डबड्यातून असा काही कर्कश आवाज निघाला की फुटपाथवरची माणसं वळली. मी तो वाजू दिला. त्याने विचारलं, "कट करू?" मी म्हटलं, थांबा जरा.

मग तिथेच, फुटपाथवरच्या फुलवाल्यांच्या टोपल्यांच्या मधे उभी राहून कोऑर्डिनेटर मॅडमना फोन केला. त्या मीटिंगमधून नुकत्याच बाहेर पडल्या होत्या.

"मॅडम, शनिवारी तुमचा फोन..."

"हो. कुठे होतात तुम्ही?"

"घरातच होतो. फोन बिघडला होता, म्हणजे बिघडला नव्हता, पण... कशासाठी केला होता?"

"शनिवारी किडनी आली होती. तुम्ही तिसरे होता. पहिल्या तिघांना आम्ही बोलावून ठेवतो. एखाद्याचं जुळलं नाही तर वेळ जायला नको म्हणून. तुम्ही नाही सापडलात, मी चौथ्याला बोलावलं."

"मग?"

"पहिल्याचंच जुळलं. त्यालाच लागली. तुमचं काही गेलं नाही."

मी "हो" म्हटलं. त्या म्हणाल्या, "पण परत असं नको. मला फार धावपळ असते त्या वेळी. आणखी दोन नंबर द्या, वेगवेगळ्या कंपन्यांचे." मी शेजारच्या बाईंचा दिला, दिरांचा दिला. फोन ठेवल्यावर मी तिथेच फुटपाथवर बसायला लागले. एका झेंडूवालीने मला बसायला आपला क्रेट पुढे सरकवला. काही गेलं नाही हे कळल्यानंतरच मला रडू आलं.

हॉस्पिटलमध्ये परतले तेव्हा त्याचं मशीन अजून चालूच होतं. त्याला सगळं सांगितलं. तिसरा नंबर होता हे ऐकून तो म्हणाला, "शाळेत कधी तिसरो इलंय नाय."

बाजूच्या बेडवरचे काका खो खो हसले. आम्हीही हसलो. पण त्या दिवसापासून आमच्या दोघांच्या डोक्यात एक गोष्ट घुसली, की यादी खरोखर सरकतेय. आतापर्यंत तो फोन म्हणजे कधीतरी येईल असं काहीतरी होतं. आता तो शनिवारी आपण कांदे-बटाट्याची टोपली कुठे ठेवायची यावर वाद घालत असताना येऊन गेला होता.

संध्याकाळी मोठ्या फोनवर, शेजारच्या बाईंच्या वायफायने, भावाचा कॉल आला. त्याला समजल्यावर त्याचा चेहरा उतरला. "ताई, मी अनलॉक करूनच दिला होता गं. मी विचारलं होतं त्यांना, इंडियात चालेल ना. ते म्हणाले चालेल."

"अरे चालतोच आहे. तुझं नाक दिसतंय मला स्वच्छ."

"मी नवीन पाठवतो."

"काही पाठवू नकोस," मी म्हटलं. जरा जास्तच तोडून म्हटलं. त्याची यात काय चूक?

पुढचे महिने मी कसे काढले ते आठवलं की माझं मलाच दमायला होतं. मोठा फोन वायफाय असेल तिथे नेटसाठी, बटणांचा कॉलसाठी. बटणांचा पर्समध्ये ठेवायला मला भीती वाटायची, म्हणून एक छोटी कापडी पिशवी शिवून तो गळ्यात अडकवला. लोअर परळच्या आमच्या त्या काचेच्या ऑफिसात, जिथे मुली घड्याळावर कॉल घेतात, मी गळ्यात डबडं लटकवून बॅलन्सशीट जुळवत बसायचे. साहेबांना आधीच सांगून ठेवलं होतं, मीटिंगमध्ये वाजला तर मी उठणार. तो वाजायचा, मी उठायचे, आणि बाई विचारायची, मॅडम, क्रेडिट कार्ड हवंय का.

लिफ्टमध्ये रेंज जायची. तेवढा वेळ मी डोळे मिटून घ्यायचे. बाहेर आल्यावर आधी मिस्ड कॉल बघायचे, मग चपला काढायचे. दिवसातून कितीतरी वेळा नवऱ्याच्या फोनवरून माझाच नंबर लावून बघायचे. त्यासाठी त्याला खिडकीशी उभं करायचे. एकदा तो वैतागला. "अगो, तूच सारखी लावत रवलंस तर त्यांका एंगेज लागात ना!" हा मुद्दा बरोबर होता. त्यामुळे मला नवीनच काळजी लागली.

मुदत संपल्यावर जुन्या कंपनीत परत जायचा विचार केला नाही. नंबर पुन्हा अधांतरी लोंबकळायला नको होता. नवऱ्याची कंपनीही मग बदलली नाही. त्याला इथला चांगला फोन होता, काही झालं नसतं. पण कुठल्याही चालत्या गोष्टीला हात लावायचं धाडस दोघांपैकी एकालाही होत नव्हतं.

फोन आला तेव्हा आम्ही शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसलो होतो. डायलिसिस नसलेल्या दिवशी संध्याकाळी मी त्याला टॅक्सीने तिथे न्यायचे. नेट्समध्ये मुलं बॅटिंग करत होती, आणि एकाचा पाय कसा चुकतोय हे तो मला समजावत होता. हातात खारे दाणे. त्याला मीठ चालत नसे, तो पुसून पुसून खात होता. छातीवरचं डबडं वाजलं. क्रेडिट कार्डवाली असणार म्हणून मी सावकाश उचललं.

"मॅडम, सरांनी काही खाल्लंय का आत्ता?"

मी त्याच्याकडे बघितलं. तो चघळायचा थांबला. "दाणे," मी म्हटलं. "चार-पाच दाणे."

"आता पाणीसुद्धा नको. लगेच निघा. तुम्ही दुसरे आहात, आधीच सांगते. लागेलच असं नाही."

त्याने तोंडातला दाणा रुमालात काढला आणि रुमालाची घडी घालून खिशात ठेवला, जणू तो पुरावा होता. टॅक्सीत त्याने माझं मनगट धरलं होतं.

रक्त घेतलं, तपासण्या केल्या, आणि आम्हाला बसवून ठेवलं. पहिल्या नंबरचा पेशंट तिथेच होता, कॉरिडॉरच्या पलीकडच्या बाकावर. माझ्या नवऱ्यापेक्षा तरुण. शेजारी त्याची बायको, मांडीवर मोठी बॅग, एका हाताने तिने फोन घट्ट धरलेला. आमची नजरानजर झाली की आम्ही दोघीही दुसरीकडे बघायचो. तिला लागली तर आम्हाला नाही. आम्हाला लागली तर तिला नाही. अशा ठिकाणी देवाकडे नेमकं काय मागायचं ते मला सुचेना. मी काही मागितलंच नाही.

सकाळी मॅडम आधी त्यांच्याकडे गेल्या. काय बोलल्या ते ऐकू आलं नाही. त्या तरुणाने मान हलवली, दोनदा, शहाण्या मुलासारखी. म्हणजे त्याचं रक्त त्या किडनीशी जुळलं नव्हतं, त्याच्या शरीराने ती फेकून दिली असती. मग मॅडम आमच्याकडे वळल्या आणि मला म्हणाल्या, "यांना आत घेतोय."

नवऱ्याला स्ट्रेचरवर घेतलं. जाता जाता तो म्हणाला, "घराक जाऊन झोप जरा," जसं काही मी जाणारच होते. दार बंद झालं. मी वळले तर ती बाई माझ्यासमोर उभी, बॅग खांद्याला लावलेली, निघायच्या तयारीत. ती काही बोलेल की न बोलताच जाईल, मी काय करू, असं मला झालं. तिने माझ्या दंडाला हात लावला.

"तुमचं होऊ दे नीट," ती म्हणाली. "आमचा येईल परत फोन."

"येईल," मी म्हटलं. "नक्की येईल."

ती लिफ्टकडे गेली. तिचा नवरा भिंतीला धरून हळूहळू तिच्या मागे. मला ओरडून तिला सांगावंसं वाटलं, की तुझा फोन दुसऱ्याच्या फोनवरून लावून बघ, घरी गेल्यावर लगेच बघ, रेंजवर विश्वास ठेवू नकोस. पण कुणाच्या अशा क्षणी असं काही सांगतात का? मी बाकावर बसले.

ऑपरेशन नीट झालं. दुपारी सर्जन बाहेर येऊन म्हणाले की किडनीने टेबलावरच काम सुरू केलं. दुसऱ्या दिवशी काचेतून मी त्याला बघितलं. डायलिसिसच्या काळात जवळजवळ थांबलेली लघवी पलंगाला लटकवलेल्या पिशवीत भरत होती, आणि त्याने ती पिशवी मला बोटाने दाखवली. आमच्या लग्नात त्याने मंगळसूत्र बांधलं तेव्हासुद्धा तो इतका खुश दिसला नव्हता. ज्या घराने ती किडनी दिली त्यांचं नाव आम्हाला सांगितलं नाही, सांगत नाहीत. त्या दिवशी त्यांच्या घरी किती जणांना फोन करून काय सांगावं लागलं असेल, याचा विचार मी करायला लागते आणि मध्येच थांबवते.

आता तो बरा आहे. गोळ्या आहेत, मास्क आहे, गर्दी टाळायची आहे, पण मशीन नाही. सकाळी तो स्वतः दूध आणायला खाली उतरतो. तपासणीला आम्ही ठरलेल्या दिवशी परळला जातो, आणि ओपीडीच्या बाकांवर मी त्या दोघांना शोधते. बॅग मांडीवर घेतलेली एखादी बाई दिसली की पुढे होऊन बघते, दुसरीच असते. कोऑर्डिनेटर मॅडमना एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, "दुसऱ्या पेशंटचं मला सांगता येत नाही, तुम्हाला माहितेय ना." माहीत होतं. तरी पुढच्या वेळी मी पुन्हा विचारणार आहे.